पाळण्यात न घातलेल्यांची मोजदाद

अण्णा गेल्याचा फोन भाच्यानं सकाळी केला. मी मेथी निवडत होते. "आत्या, अण्णा गेले," एवढंच तो म्हणाला. मग मी विचारलं, "किती वाजता?" आणि तशातही मला हसू आलं. हा प्रश्न माझा नव्हे, अण्णाचा. गावात कुणी गेलं की तो आधी वेळ विचारायचा आणि मग डोळे पुसायचा. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचा कसबा बेंबळीच्या पलीकडं, बैलगाडीच्या वाटेवरचा. राज्य निजामाचं आणि कचेरीचा सगळा कागद उर्दूत. वडिलांचं किराण्याचं दुकान होतं, अण्णा मात्र शाळेत मास्तर झाला. त्याच्या शेजारी जेवायला बसायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं. "औंदा गावात म्हशी लई झाल्यात," असं कुणी सहज म्हटलं, की याचा घास हातातच राहायचा. "मोजल्यास का?" मोजल्याशिवाय बोललेलं त्याला खपत नसे. मला बाराखडी त्यानंच शिकवली, आणि तीही छडी जवळ ठेवून.

जन्म-मृत्यूचं बुक पाटलाच्या ताब्यात असे, पण पाटलाला उर्दू लिहिता येत नसल्यामुळं ते काम आपोआप अण्णाकडं आलं. एका वर्षी तहसीलीतून एक लांबलचक कागद आला. गावात पक्की घरं किती, गोड्या पाण्याच्या विहिरी किती, शाळेत पोरं किती, गेल्या तीस वर्षांत जन्मली किती, मेली किती. कोणतं गाव कसं जगतंय ते त्यावरून ठरणार होतं, आणि ज्या गावाचं सगळ्यांत वाईट चाललंय तिथं सरकार शिकलेली सुईण पाठवणार होतं. अण्णानं घरं स्वतः फिरून मोजली, विहिरींचं पाणी चाखून पाहिलं. जन्म-मृत्यू बुकातून उतरवले. तहसीलदार त्या कागदावर खूष झाला. "मास्टरसाब, तुमारा कसबा तो बड़ा खुशहाल है. बच्चे मरतेच नहीं." सुईण शेजारच्या गावाला गेली.

तहसीलदाराची ही शाबासकी अण्णानं चुलीपुढं बसून अव्वाला ऐकवली. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुज्या आदीची दोन कुठं लिवलीस?"

"कोणची दोन?"

"पाळण्यात घातली न्हाईत ती."

अण्णाला ती दोन ठाऊकच नव्हती. आमच्याकडं बारसं होण्याआधी गेलेलं मूल कुणी मोजत नसे. त्याचा जन्म पाटलाला कळवायचा नाही, मृत्यूही नाही. "जगलं न्हाय" एवढं बोलून बाया विषय मिटवायच्या, कारण त्याचं नाव काढलं तर पुढचं टिकत नाही अशी समजूत. म्हणून अण्णाचं बुक इतकं स्वच्छ होतं. आणि त्याच्या काळजाला खरं लागलं ते वेगळंच. माझं सासर तामलवाडीचं, पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. मूल चौथ्या दिवशी गेलं. फडक्यात गुंडाळून शेताच्या बांधाला नेऊन पुरलं ते अण्णानंच. घरी येऊन त्यानं हातपाय धुतले, आणि संध्याकाळी नेहमीसारखा बुक लिहायला बसला. लिहावं असं त्याच्याही मनात आलं नाही. अव्वाच्या बोलण्यानं हे सगळं आठवलं आणि तो चुलीपुढून उठला तो उपाशीच.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा घरोघर फिरला. असलं काही बाया पुरुषाला सांगणार नाहीत, म्हणून मला बरोबर घेतलं. मी तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर म्हणून माहेरी आलेली, सहावा लागलेला. तो ओट्यावर बसायचा, मी आत जायची. त्यानं मला एकच बजावलं होतं. "इचार, आन् गप बस. घाई करू नगंस." बाया आधी म्हणायच्या, आमच्यात तसलं काय न्हाय. मी बसून राहायची. त्या पीठ चाळायच्या, कोंडा बाजूला करायच्या, आणि मग चाळणीकडं बघतच... "एक हुतं. त्येच्या आदी आनकी एक." एक म्हातारी बोटांच्या पेरांवर मोजत गेली आणि मधेच थांबली. बाहेर येऊन तिनं अण्णालाच विचारलं, "मास्तर, ह्येचं काय करनार?"

"सुईण मागतो सरकारकडं."

"आता व्हय," म्हणाली आणि आत गेली.

शेवटचं घर आमचं. अव्वानं आपली दोन सांगितली, त्यानं लिहून घेतली. मग माझ्याकडं पाहिलं. "गंगू, तुजं?" आणि टाक हातात धरून तो थांबला. आख्ख्या गावाला बोलतं केलं होतं मी. माझा हात पोटावर होता. मी म्हणाले, "माजं काय न्हाय. फुली मार."

त्यानं टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग त्यानं फुली मारली. बांधावरची माती त्याच्या स्वतःच्या पायाला लागली होती, तरी मी सांगितलं तेच त्यानं लिहिलं. पोटातलं मूल जगलं, तो माझा थोरला. माझ्या खोटं बोलण्यानंच तो जगला, असं मी कित्येक वर्षं मनाला सांगत राहिले.

अर्ज गेला. पुढं रझाकारांचे दिवस आले, कचेरीत कोण कुणाचा कागद वाचणार? सुईण आली ती राज्य बदलल्यावर, बऱ्याच वर्षांनी. अण्णा मात्र त्या कागदातून कधी बाहेर आला नाही. राहायला अमुक शहर चांगलं, तमुक गाव सुखी, असं पेपरात आलं की चष्मा काढून म्हणायचा, "इचारलं कुणाला ह्यांनी?" दर दिवाळीला माझ्याकडं यायचा. "बरी हैस का?" एवढं विचारून थांबायचा. तो कशासाठी थांबलाय ते मला कळायचं. मी चहा ठेवायला उठायची. हे आम्ही दोघांनी सत्तरेक वर्षं केलं. या दिवाळीला तो येणार नाही, हे मनात आलं की मला झोप लागत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीची, सरकारी दवाखान्याकडनं येणारी आशाताई मोबाइल घेऊन पाहणीला आली. घाईत होती बिचारी. "आजी, लेकरं किती झाली?"

"तीन."

तिनं बोट दाबलं आणि नळ, संडास, गॅस असं भराभर विचारून पायरी उतरलीसुद्धा. ती क्षणभरही थांबली नाही. मीच तिला हाक मारली.

"बाई, मागं ये. चार कर."

"चौथं कुठं ऱ्हातंय?"

"पयलं हुतं ते. पोरगी." तिच्याबद्दल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला.

"नाव सांगा."

"ठिवलं न्हवतं."

ती मोबाइलकडं बघत म्हणाली, "नावाबिगर ह्ये फुडं सरकत न्हाय, आजी."

"मग बस," मी म्हणाले. "इचार करून सांगते."

ती पायरीवर बसली.