पानाची शेवटची ओळ

"मॅडम, तुमच्या प्रिंटरात कागद अडकलाय."

नागपूरच्या एका अंधशाळेतल्या बाईंचा फोन. मी बेळगावात ऑफिसात डबा उघडून बसलेली. म्हटलं, बाई, प्रिंटर माझा नाही, कंपनीचा. मी फक्त त्याचा ड्रायव्हर लिहिलाय. म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं प्रिंटरला समजावून सांगणारा दुभाष्या, तोही नोकरी सांभाळून, फुकट. कागद अडकला तर झाकण उघडा आणि ओढा. "पण कंपनीवाल्यांनी तुमचाच नंबर दिला," बाई म्हणाल्या. दिला असेल. त्यांना तो आता पाठ झालाय.

घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायचं हे खूळ मला आक्कामुळं लागलं. आक्का माझी थोरली बहीण, लहानपणापासून आंधळी. निपाणीला अंध मुलींच्या शाळेत शिकवते. शाळेत ब्रेलचा प्रिंटर आला, जाड कागदावर ठिपके ठोकणारा. ठोकताना असा आवाज करतो की शेजारच्या वर्गातल्या बाई गप्प बसतात. पण शाळेचे कॉम्प्युटर लिनक्सवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर चालणारे आणि कंपनीचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा. मग सुट्ट्यांमध्ये खटपट करून मीच एक लिहिला आणि सगळ्यांसाठी नेटवर खुला ठेवला. कंपनीनं आभाराची ईमेल पाठवली आणि पुढं खोक्यावरच छापलं, 'लिनक्सवर चालतो'. मी येडी, आनंदानं ऑफिसात कुंद्याची मिठाई वाटली.

गेल्या सहामाहीच्या तोंडावर शाळेतला तो प्रिंटर बंद पडला. नवा आला, त्याच नावाचा, तसल्याच खोक्यातला. त्या वर्षी आक्कानं मोठ्या सरांशी भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. पेपर वाचून दाखवायला बाहेरचं माणूस आणायचं नाही, पोरी आपल्या बोटांनी आपला पेपर वाचतील. सर म्हणाले होते, बघू, पण गोंधळ झाला तर पुढच्या वेळेपासून परत वाचणारी माणसं. आणि परीक्षा सोमवारवर आली तेव्हा आक्काचा फोन.

"नवं मशीन पानाची शेवटची ओळच गिळतंय गं."

"माझ्याकडं चालतंय," मी म्हटलं. आमच्या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी पहिलं हेच वाक्य येतं. माझ्याकडं कंपनीनंच चाचणीला दिलेलं जुनं मशीन होतं, आणि ते खरंच चालत होतं.

"व्हय? मग पोरींना घेऊन तुझ्याकडंच येते परीक्षेला. भात टाकून ठेव."

मी कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा गोड बोलणारा. मॅडम, लिनक्सचं काम कम्युनिटी बघते, तुमची तक्रार मी फोरमवर टाकतो. टाकली. थोड्या वेळानं ती माझ्याच ईमेलवर आली, 'कृपया तातडीने लक्ष द्यावे' असं वर लिहून. कम्युनिटी म्हणजे मीच की रे बाबा! हसावं का रडावं ते कळेना. नंतर दोन्ही केलं.

शनिवारी निपाणीची बस धरली. कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" करत सगळ्यांना पुढं ढकलत होता आणि मी लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उभी होते. शाळेत गेल्यावर नव्या प्रिंटरचं झाकण काढलं. आतला बोर्डच वेगळा! नाव तेच, कॉम्प्युटरनं "तू कोण?" विचारलं की सांगायचा नंबरही तोच, पण आतलं यंत्र दुसरं. कंपनीनं बदललं ते कुणाला सांगितलं नाही. मला तर नाहीच नाही.

दुपारभर आम्ही दोघी बसलो. मी ड्रायव्हरातली एक आज्ञा बदलायची, मशीन ठोकायचं, आक्का कागदाच्या तळाशी बोट फिरवून म्हणायची, "न्हाय." परत बदल, परत ठोक, परत "न्हाय." चहा गार झाला. बोटं दुखायला लागली की ती मधूनच पदरात गुंडाळायची. माझी मान धरली. शेवटी कळलं ते एवढंच. नव्या बोर्डाला 'पान संपलं' असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो शेवटची ओळ पोटातच ठेवतो. ती आज्ञा घातली. आक्काचं बोट तळाशी गेलं आणि थांबलं.

"आली गं," ती म्हणाली. मला रडूच आलं.

"मग आता सगळ्यांना दे की हे," ती म्हणाली.

तेच तर करता येत नव्हतं. हीच आज्ञा जुन्या मशीनला दिली की ते दर पानामागं एक कोरा कागद ओकतं. नागपूरच्या बाईंचं मशीन जुनं. दोन्ही मशीनं नंबर एकच सांगतात, मग ड्रायव्हरनं ओळखायचं कसं? ती खूण फक्त कंपनीला ठाऊक. म्हटलं, आक्का, हे सध्या तुमच्यापुरतंच.

तिनं कागदाचा तळ परत एकदा चाचपला. मग म्हणाली, "पुढच्या साली त्यांनी परत बदललं तर?"

"परत येईन."

"आणि तू आली न्हाईस तर?"

मशीन पेपर ठोकत होतं, त्या आवाजात मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सोमवारी पोरींनी आपापले पेपर वाचले. मोठ्या सरांनी वाचणाऱ्या माणसांचा विषय काढला नाही, म्हणजे झालं. मी कंपनीला लिहिलं. जबाबदारी निम्मी निम्मी घेऊ. मशीन बदललंत तर आधी सांगा, ओळखायची खूण द्या, बाकीचं मी करते. नाही जमत, तर नेटवरच्या माझ्या ड्रायव्हरच्या पानावरून तुमचं नाव काढते, म्हणजे तुमच्या मशीनची हमी माझी नाही. उत्तर आलं. सोबत रंगीत प्रमाणपत्र होतं, कम्युनिटीतल्या मोलाच्या सहकार्याबद्दल. खूण नव्हती.

मी नाव काढलं. राग होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा कंटाळा जास्त होता. खोक्यावरचं वाक्य अजून तसंच आहे.

रात्री आक्काला सांगितलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "लई झालं त्यांचं. तुझी बी काय हाडं झिजवायची?" मग हळूच, "पण आमचं मशीन अडलं तर आता फोन कुणाला करायचा, तेवढं सांगून ठेव बाई."

"मलाच कर," मी म्हटलं. "दुसरं कोण हाय?"