संप फोडणाऱ्याच्या चौकशीत

हा माणूस मला कधीच आवडला नाही आणि आजही आवडत नाही. मानपाड्याच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात माणसांचा पाणउतारा करायचे. मी शिक्षक संघटनेची शाळेतली सचिव, म्हणून त्यांच्या लेखी मी ‘पुढारीबाई’. "काय पुढारीबाई, आज कोणाला शाल-श्रीफळ?" असं स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर विचारायचे. आमच्या पदाधिकाऱ्यांना सत्कारांची हौस आहे, हे मलाही दिसतं. पण ते मी बोलेन. वर्गणीचा एक रुपया न देणाऱ्याने बोलू नये.

जुन्या पेन्शनच्या संपात आम्ही सगळे रस्त्यावर, उन्हात घसा फोडत होतो. हे एकटे शाळेत आले, मस्टरवर सही केली आणि रिकाम्या वर्गात पेपर वाचत बसले. पेन्शन मिळाली असती तर ती काही परत करणार नव्हते. आरतीला गैरहजर आणि प्रसादाला पहिला नंबर! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तेच गृहस्थ एका रविवारी बाळकुमला माझ्या दारात उभे राहिले. विश्वस्तांपैकी एकाचा नातू नववीत गणितात नापास झाला होता. गुण वाढवा, असा निरोप आला आणि सरांनी तो उडवून लावला. मग संस्थेने त्यांच्यावर पालकांशी उद्धट वागण्याचा आणि वरिष्ठांचं न ऐकण्याचा ठपका ठेवून चौकशी लावली. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, मुलगी शिकत असलेली, आणि आता नोकरीच जायची वेळ.

आमच्याकडे शिक्षकाला काढायचं तर तिघांची समिती बसते. एक संस्थेचा, एक पुरस्कार मिळालेला शिक्षक आणि एक त्या शिक्षकाने स्वतः निवडलेला. सरांना हा तिसराच मिळेना. रोज ज्यांच्याबरोबर डबा खायचे, त्यातल्या एकाच्या घरी लग्न निघालं, दुसऱ्याचं बीपी वाढलं. संस्थेच्या डोळ्यांवर कोण येणार?

"तुम्ही बसाल का?" त्यांनी विचारलं. मला मान द्यायचा म्हणून नाही, अडला हरी म्हणून.

नाही म्हणायची इतकी सुंदर संधी मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. मी चहाही विचारला नाही. फक्त म्हटलं, "येते."

शाळेच्या लायब्ररीत चौकशी झाली. पुरस्कारवाले सर कल्याणचे, अबोल. मुख्याध्यापिका साक्षीला आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. "मॅडम, तुम्ही यांच्या बाजूने? तुम्ही तर यांचं तोंडही बघत नाही."

"आजही बघत नाहीये," मी म्हटलं. "ते उद्धट कोणाशी बोलले, काय बोलले, तेवढं सांगा."

"सगळ्यांनाच माहितीये ते कसे बोलतात."

"मलाही माहितीये, मी रोज ऐकलंय. त्यासाठी नोकरी जाणार असेल तर मीच आधी तक्रार केली असती. आता हे सांगा, त्या मुलाचे गुण वाढवायला यांना कोणी सांगितलं होतं का?"

बाई संस्थेच्या माणसाकडे बघायला लागल्या. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग कल्याणच्या सरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बाई, उत्तर द्या." शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "विनंती केली होती."

निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. सरांची नोकरी राहिली. संस्थेने माझ्यावर डूख धरला आणि पुढच्या वेळापत्रकात माझे सगळे तास शेवटच्या बाकावरच्या मुलांनी भरलेल्या तुकड्यांवर टाकले.

निकाल कळला त्या दिवशी सर जिन्यात थांबले होते. आभार मानायला असतील असं वाटून मी तोंड कडू केलं.

"खरं सांगू का, मॅडम?" ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर आलो नसतो."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "नुसत्या चांगुलपणावर सोडलं असतं तर मीही आले नसते. म्हणून तर संघटना काढावी लागते."