मिगचं झाकण

आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घराला सामानाची एक खोली आहे. खोली कसली, लोणच्याच्या बरण्या आणि बटाटे ठेवायचा कोनाडा. खिडकी नाही. हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. बाकीच्यांनी त्यात बरण्या ठेवल्या. मी नवरा ठेवला.

कामावरून आला की बोहोश तिथे जाऊन बसायचा आणि दार आतून लावून घ्यायचा. का, तर म्हणे ओल्या रंगावर धूळ बसते. मी जेवायला हाक मारायची, तो "आलोच" म्हणायचा, आणि रश्श्यावर साय धरायची. लग्न झालेली बाई आणि दाराशी बोलणारी बाई यात फरक असतो हो. मला तो फार उशिरा कळला.

विमानांची छोटी मॉडेलं तो आधीपासून करायचा. गुरुवारी सांस्कृतिक भवनात त्यांचा क्लब भरतो. दहाबारा बाप्ये बिअर पितात आणि एकमेकांच्या विमानांत चुका काढतात. कुणाचं चाक जाड, कुणाचं नाक आखूड. किटच्या खोक्यातून निघतं ते जसंच्या तसं चिकटवणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. किट सुधारायचं असतं. कापायचं, पुट्टी भरायची, घासायचं, सुईने पत्र्यांच्या रेघा नव्याने कोरायच्या. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पिऊन पडण्यापेक्षा बरं.

घोळ झाला तो ओतिलकाकूंमुळे. त्या आमच्या खालीच तळमजल्यावर राहतात. एकुलता एक मुलगा लुबोर, वायुदलात वैमानिक. गावाबाहेरच्या विमानतळावर होता, तिथेच अपघातात गेला. तेव्हा देश अजून चेकोस्लोवाकिया होता आणि अपघाताबद्दल कुणी मोठ्याने बोलायचं नाही. काकूंना अधिकाऱ्यांनी येऊन सांगितलं की जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही.

बोहोश तेव्हा विमानतळाच्या अग्निशामक दलात होता. काय झालं ते त्याने मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून. उतरताना विमान धावपट्टी सोडून बिटाच्या शेतात गेलं आणि उलटं झालं. वैमानिकावरचं काचेचं झाकण खाली चिखलात रुतलं. ही माणसं धावत पोचली, पण ते धूड हातांनी उचलणार कसं? क्रेन यायला वेळ लागला. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. मग यायचा थांबला.

एवढंच. त्यानंतर त्याने त्याबद्दल तोंड उघडलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर याला कितीतरी वर्षं झाल्यावर एका वसंतात ओतिलकाकू जिना धरत धरत वर आल्या. नजर मधोमध गेली होती, कडेकडेचं तेवढं दिसत होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की तेही जाणार. म्हणाल्या, फोटो आता मला दिसत नाही बोहोश, नुसता करडा कागद दिसतो. तू विमानं करतोस ना? लुबोरचं करून दे. डोळ्याच्या कडेला धरून बघेन. त्याच्या नावाच्या दिवसापर्यंत दे.

आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक तारखेला एक नाव असतं, आणि त्या नावाच्या माणसाचा तो दिवस वाढदिवसासारखा करतात; लुबोर हे नाव येतं ते सप्टेंबरात. मुलगा जाऊन इतकी वर्षं झाली तरी काकू त्या दिवशी कोलाचे, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव, भाजतात आणि आम्हाला खाली बोलावतात. बोहोश हो म्हणाला. आईला नाही कोण म्हणेल?

मिग-२१ चं किट आणलं. पहिल्याच दिवशी त्याने खोक्यातला प्लॅस्टिकचा चिमुकला वैमानिक काढला आणि केराच्या डब्यात टाकला. मी म्हटलं, अरे, तोच तर लुबोर. तो म्हणाला, "मॉडेलात माणूस कुणी बसवत नाही, द्राहा. बाहुला दिसतो." क्लबातही तसंच करतात, म्हणून मला ते पटलं.

उन्हाळ्यापर्यंत विमान झालं असतं. अगदी उभं राहिलं होतं. पण याच्या मनात आलं की किटवर विश्वास काय ठेवायचा, खरंखुरं विमान मोजू. विमानतळ बंद झाला तेव्हा फाटकापाशी खांबावर एक मिग चढवून ठेवलं, ते अजून आहे. शिडी, दोरी आणि मोजपट्टी घेऊन हा खांबावर चढला. गावाने बघितलं. बेकरीतल्या बाईने मला विचारलं, तुमचे हे आता वरच राहणार का?

घरी आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. किटचं शेपूट चुकीचं आहे म्हणाला! उभं पातं फारच रुंद दिलंय. झालं. करवतीने शेपूट कापलं, अरुंद केलं, पुट्टी भरली, घासलं. मग पोट जुळेना, पोट घासलं. पोटाच्या नादात रेघा पुसल्या, त्या पुन्हा कोरल्या. एक नीट करावं तर दुसरं बिघडायचं. तो बाहेर येईना आणि मला आत जाता येईना. तीन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं आपापल्या जागी कोंडलेले. चिडचिड व्हायची, रडूही यायचं. मी बरण्या ठेवायच्या निमित्ताने दार ठोकायचे. एकदा जरा जोरात ठोकलं तर आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि तो पांढराफटक होऊन बाहेर आला. म्हणाला, ठोकत जाऊ नकोस. त्यानंतर मी कधी ठोकलं नाही.

ऑगस्टात त्याने ते अरुंद शेपूट मोठ्या दिमाखात क्लबात नेलं. तिथे झ्बिनेक नावाचा, विमानतळावरचा एक इंजिनाचा जुना मेकॅनिक आहे. तो इतका हसला की बिअर नाकात गेली. इंजिन काढायला हे विमान मधोमध सुटतं, आणि खांबावर चढवताना त्याची मागची बाजू सडकी निघाली, म्हणून दुसऱ्या, जुन्या बनावटीच्या अरुंद शेपटाच्या मिगची बसवली होती. म्हणाला, "अरे बाबा, खांबावर दोन विमानं आहेत. पुढून एक, मागून एक. किट बरोबर होतं."

बोहोशने यावर शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो घरी आला, खोलीत गेला आणि कापलेलं शेपूट प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवून परत रुंद करायला बसला. मी दाराबाहेरून सुनावलं की तुझं बरोबर होईपर्यंत त्या बाईचे डोळे जातील, मग कुणाला दाखवणार? तो म्हणाला, चुकीचं कसं देऊ? मी कपाळाला हात लावला.

मला दिसत होतं ना, तो काय टाळत होता ते. नाक, पोट, पंख, शेपूट, सगळ्याला हात लावून झाला, पण झाकण तसंच डबीत, कापसात. ते बसवलं की विमान पुरं. अखेर लुबोरच्या दिवसाच्या आदल्या दिवशी त्याने ते बसवलं. बंद. फटसुद्धा दिसणार नाही असं चिकटवून, घासून, काचेसारखं लख्ख केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली गेलो. कोलाच्यांचा वास जिन्यापर्यंत येत होता. काकूंनी दार उघडलं आणि माझ्याशी बोलल्या त्या भिंतीकडे बघून. तेव्हा मला कळलं. कडाही गेल्या होत्या. कधी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घाई केली तर बोहोशच्या हातून बिघडेल, म्हणून.

बोहोशला मी इतकं केविलवाणं कधी बघितलं नव्हतं. त्याने विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकू बोटांनी बघू लागल्या. नाक, पंख, मग ते बिचारं शेपूट, पुन्हा पुढे. बोट काचेवर आलं आणि तिथेच फिरत राहिलं.

"हे बंद आहे?"

"हो काकू. उडताना बंदच असतं."

"उघड."

तो म्हणाला की चिकटवलंय, आता काढलं तर मोडेल. काकू म्हणाल्या, मोडू दे. आवाज अगदी साधा होता, कुणाला खिडकी उघडायला सांगावं तसा. मग म्हणाल्या, "तो आत अडकला होता ते मला ठाऊक आहे, बोहोश. गाव लहान आहे. तू ठोकणं ऐकलंस तेही ठाऊक आहे. आता उघड."

सप्टेंबरात आमच्याकडच्या माणसाच्या खिशात अळंबी कापायचा चाकू असतोच. बोहोशने तो काढला. पातं काचेच्या कडेत घातलं, दाबलं. आवाज झाला, झाकण उडालं. कडेचा रंग गेला, एका बाजूचा टवका निघाला. एवढ्या महिन्यांचं काम. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

काकूंनी करंगळी आत घातली. वैमानिकाची खुर्ची चाचपली, तिच्या पाठीमागे, पायांपाशी. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "निघाला रे बाहेर."

बोहोश टेबलावर डोकं टेकून रडला. मोठ्याने, गावाने ऐकावं असा. काकूंनी एका हाताने विमान धरलं होतं, दुसरा त्याच्या डोक्यावर ठेवला. मला काय करावं सुचेना, म्हणून मी कोलाचे वाढले.

झाकण गालिच्यावर पडलं होतं. ते मी हळूच उचललं आणि खिशात टाकलं. अजून माझ्याकडेच आहे. ते परत बसवायचं त्याच्या मनात येईल, म्हणून दिलं नाही.