दिवसभर बसून असता का?

आमच्या आरोग्य केंद्रात बारा आठवडे रक्तवाहिन्या मोजल्या, पण साठले ते किस्सेच. वहीतले रकाने आकड्यांसाठी होते. समास तेवढा मोकळा होता, तोही भरून गेला!

काहीतरी चुकतंय असं मला पहिल्यांदा खोडाळ्याच्या बाजारात वाटलं. बैठं काम करणारी माणसं रोज झपझप चालली, तर त्यांच्या रक्तवाहिन्या सुधारतात का, हे आम्हाला पाहायचं होतं. त्यासाठी आधी बैठी माणसं हवीत. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न मी काकड्या विकणाऱ्या मावशींना विचारला, "तुम्ही दिवसभर बसून असता का?"

मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "कोनी सांगितलं तुला? माझी सासू आली होती काय?"

मी सॉरी म्हणून दोन किलो काकड्या घेतल्या.

*

शेवटी जव्हारात दहाजण मिळाले. तपासणी साधीच. हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि एकदम सोडायचं. रक्तवाहिनी निरोगी असेल तर चटकन रुंद होते, स्क्रीनवर दिसतं.

शिंपीकाका पडल्या पडल्या बघत होते. "किती सैल झाली?"

"केसाएवढी. बारा आठवडे चाललात की आणखी थोडी होईल."

"केसाएवढ्याला बारा आठवडे?" काका उठूनच बसले. मी दचकले, हातातलं यंत्र खाली! "बाय, मी गिऱ्हाईक दारात उभं ठेवून दोन इंच सैल करतो!"

*

चालण्याचा वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. मी हे मैदानावर घसा कोरडा करून समजावलं.

कचेरीतल्या भाऊसाहेबांनी हात वर केला. "मॅडम, मला तर बसूनसुद्धा गाता येत नाही. माझं चालणं झालं समजू का?"

मी केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. पलीकडून इतका वेळ काहीच आवाज आला नाही, की मला वाटलं नोकरी गेली. त्या हसत होत्या.

*

एका सकाळी डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक आजी मैदानाशी थांबली. दहा माणसं गोल गोल फिरतायत. तिला राहवेना.

"काय हरवलं रं?"

बोलता येईल एवढाच वेग ठेवा म्हटलं होतं, पण दम कुणाकडे उरला होता! मग तीही मोळीसकट आत शिरली आणि खाली बघत शोधायला लागली. तीन फेऱ्या झाल्या. तिसरीत तिने भाऊसाहेबांना मागे टाकलं.

"नाय गावत," असं म्हणून ती निघून गेली.

*

त्या दहांतल्या जीपवाल्या गणपतमामांची मला खरी काळजी होती. पहिल्या तपासणीत त्यांची रक्तवाहिनी जवळपास हललीच नव्हती, बीपी तर विचारूच नका. थोरल्या भावाला लकवा मारलेला. डॉक्टर मॅडमनी मला बजावलं होतं, "यांची शेवटची तपासणी चुकता कामा नये. पुढचं औषध त्यावर ठरेल."

शेवटचा दिवस. आठ वाजले, नऊ वाजले, मामा नाहीत. फोन लागेना. तेवढ्यात दुसरा एक जीपवाला आला. "गणपतची गाडी दाभोशाच्या रस्त्याला उभी हाय, पाचेक किलोमीटरवर. आत कोन नाय."

रस्त्याकडेला पडलेले मामा मला दिसायलाच लागले! फोन, पुन्हा फोन, पुन्हा तीच बाई, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तू आधी पाणी पी." मी पाणी सांडलं आणि पुन्हा फोन लावला.

रिंग गेली. कुणीतरी उचलला. नुसती धाप ऐकू येत होती.

"मामा! छातीत दुखतंय का? कुठे आहात?"

"नाय वो ताई, येतोय. चालत. शेवटच्या तपासणीला गाडीत बसून यायची लाज वाटली."

"अहो, मग गाडीतले पॅसेंजर?"

"हे काय, मागं चालतायत, नऊच्या नऊ! भाडं घेतलंय त्यांचं, असं वाटेत कसं सोडू?"