निळी मूठ, पिवळी मूठ

मामा हातोडा घ्यायला निघाले, की बाजारातला हार्डवेअरवाला आधी जेवून घ्यायचा. उपाशीपोटी त्यांना तोंड देणं त्याला जमत नसे. मामांनी उभी नोकरी वजनमाप खात्यात काढली होती. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी डोक्यातला काटा स्थिर झाला नव्हता. गावभर त्यांना काटामामा म्हणत. मी सख्खा भाचा, म्हणून तोंडावर तरी नुसतं मामा म्हणायचो.

दुकानात ते तीन हातोडे ओळीने मांडत. प्रत्येक तळहातावर तोलत, मूठ नाकाशी नेऊन लाकडाचा वास घेत आणि मग दुकानदाराच्याच काट्यावर ठेवत.

"यावर पाचशे ग्रॅम लिहिलंय."

"हो, मग?"

"चारशे ऐंशी भरतोय."

"मामा, वीस ग्रॅमचा फरक खिळ्याला कळणार आहे का?"

"खिळ्याला नाही कळत. मला कळतो."

तासाभराने ते एक सोडून दोन हातोडे घेऊन बाहेर पडत. एक सगळ्यांत चांगला आणि एक बरा. घरी आल्यावर चांगल्याच्या मुठीवर निळ्या रंगाचा पट्टा ओढला जाई, बऱ्याच्या मुठीवर पिवळा. निळा घरचा. पिवळा मागायला येणाऱ्यांचा. पूर्वी कधीतरी कुणीतरी त्यांची पक्कड नेली आणि एका पायाची परत आणली, तेव्हापासूनची ही पद्धत. हातोडा, करवत, पटाशी, पाना, कानस, कुदळ, कुंपणाची कात्री, सगळं जोडीने. एकूण एकोणीस जोड्या. रंगाचा अर्थ फक्त मामींना ठाऊक होता आणि मामींना त्यात काडीचा रस नव्हता.

हत्यारं मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत असत. मागणाऱ्याने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. मामा आतून विचारत, "काम काय?" काम पटलं की पिवळी मूठ बाहेर येई आणि पाठोपाठ ताकीद, "जसं नेलं तसं आणायचं."

मागणाऱ्यांत पहिला नंबर शेजारच्या मास्तरांचा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. अंगण मोठं, झाडं पन्नास आणि स्वतःचं हत्यार एकही नाही. आठवड्यातून तीनदा ते उंबऱ्याबाहेर उभे असत. रोज संध्याकाळी सहाला मात्र ते उंबऱ्यावर नसत, अंजिराच्या झाडाखाली खुर्चीवर असत. समोरच्या खुर्चीत मामा, मध्ये चहा. ज्याने गावातल्या निम्म्या दुकानदारांची वजनं जप्त केली, त्याला मित्र किती असणार? मास्तर पहिले आणि शेवटचेही तेच.

माझी त्या गावात बदली झाली आणि मी मामांकडे राहायला गेलो. महिन्याभरात मामांना शोध लागला की माझं अक्षर चांगलं आहे. त्यांनी प्लायवूडची एक मोठी फळी आणली, तीत खिळे ठोकले, डाव्या अंगाला निळं कुटुंब टांगलं, उजव्या अंगाला पिवळं.

"वर लिही," ते म्हणाले. "डावीकडे, 'घरचे, उत्तम'."

"आणि उजवीकडे?"

"'लोकांना द्यायचे, चालेल'."

"मामा, हे लिहायलाच हवं का?"

"शिक्का नसलेलं वजन मी कधी चालू दिलं नाही. आत कोण येतंय वाचायला?"

मी काळ्या रंगाने, शिरोरेघ पट्टी लावून, ठळक लिहिलं.

चौथ्या दिवशी मास्तर कात्री मागायला आले. मामा आंघोळीला गेले होते. मामींच्या हाताला कणीक. त्या खिडकीतून म्हणाल्या, "तुम्हीच जा की आत, मास्तर. परके आहात का?"

वीस वर्षांत मास्तर पहिल्यांदा त्या खोलीत शिरले. मी ओट्यावर दाढी करत होतो. ते बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते.

"मिळाली नाही का?" मी विचारलं.

"मिळाली की. दोन मिळाल्या." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्षर तुझं?"

"हो."

"छान वळण आहे. लांबून वाचता येतं."

दोष माझाच. अक्षर खराब असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

त्या संध्याकाळी सहाला एक खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी मामांना सांगून टाकलं. त्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "दिलं ना मी प्रत्येक वेळी? नाही म्हटलं का कधी?"

मामी भाजी निवडत होत्या. "तुम्हाला कुणी वीस वर्षं चारशे ऐंशीला पाचशे म्हणून दिलं असतं तर?"

मामा उठून आत गेले.

पुढच्या आठवड्यात त्याहून वाईट बातमी आली. मास्तरांनी स्वतःची करवत विकत घेतली. हार्डवेअरवाल्याने ती मला मिटक्या मारत सांगितली, "दोन मिनिटांत गेले. पहिली दिसली ती उचलली. वासबीस काही नाही."

हे मामांना फार लागलं. माणूस बोलत नाही हे एक वेळ समजू शकतं. पण न विचारता करवत? संध्याकाळी भिंतीपलीकडून खरखर ऐकू यायला लागली, की मामा खुर्चीत ताठ होत.

"दात जाड आहेत," ते पुटपुटत. "आणि पातं लचकतंय. ऐकू येतंय का तुला? फसवलंय त्याला."

"जाऊन सांगा ना."

"मला बोलावलंय का त्याने?"

खरखर थांबेपर्यंत ते चहा पीत नसत. तोवर त्यावर पापुद्रा धरलेला असे. मामी रोज दोनच कप पाठवत राहिल्या, दुसरा माझ्या वाट्याला येई. मला त्या वेळी चहा नको असायचा, पण कप परत पाठवायची माझी छाती नव्हती.

मग अंजिराची एक फांदी पत्र्यावर टेकली. वारा आला की रात्रभर घासायची. मामांनी निळी करवत काढली. अकरा वर्षांपूर्वी सहा करवती बघून घेतलेली, तेलकट कागदातून अजून धड बाहेर न आलेली. शिडीवर चढून त्यांनी चार हात मारले आणि पातं ओल्या लाकडात रुतून बसलं. ओढलं तरी येईना, ढकललं तरी जाईना. चिकाने हात भरले.

"फांदी खराब आहे," मामा शिडीवरून म्हणाले.

"हो," मामी खालून म्हणाल्या, "झाडाने जपून नाही वापरली."

अर्ध्या तासाने मी पाचर ठोकून करवत सोडवली. मामा खाली उतरले, खोलीत गेले आणि उजव्या अंगाची पिवळी घेऊन आले. तिच्याकडे बघितलं नाही, तशीच चालवली. पंधरा-वीस हातांत फांदी अंगणात पडली.

मामा शिडीवरच बसून राहिले. मग त्यांनी ती करवत डोळ्यांसमोर आडवी धरली आणि एक डोळा मिटला, खोटा तराजू बघताना मिटत असतील तसा. पातं रुतू नये म्हणून दात एकआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले होते. प्रत्येक दात घासलेला होता.

दुपारभर त्यांनी एकोणीस जोड्या अंगणात चटईवर मांडल्या आणि जोडी जोडी तपासली. पिवळ्या हातोड्याला नवी मूठ बसवलेली, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली. पिवळ्या पटाशीने अंगठ्यावरचा केस उतरला. निळीने नुसता ओरखडा आला. पिवळी कात्री उघडायला बोट पुरे, निळीचा खिळा गंजून जाम. बिचाऱ्या निळ्या मंडळींनी आयुष्यात काम म्हणून बघितलं नव्हतं.

"चौदा," ते मला म्हणाले. "एकोणीसपैकी चौदांत पिवळं सरस."

"मास्तर दर वेळी मागच्या पायरीवर बसून धार लावायचे," मामी म्हणाल्या. "मग परत करायचे. मला खिडकीतून दिसायचं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं? तुम्हाला वाटायचं, तुमच्या ताकिदीने चकाकतात."

वर्षानुवर्षं मामांना खरोखरच तसं वाटत होतं. नोकरीत त्यांच्या धाकाने वजनं सुधारत, तशी हत्यारंही सुधारत असणार.

सहा वाजायला आले तेव्हा त्यांनी सगळ्या निळ्या मुठी एका पेटीत भरल्या, पेटी माझ्या डोक्यावर दिली आणि आम्ही शेजारी गेलो. मास्तर पायरीवर बसून आपली नवी करवत कानशीने घासत होते. तिची अवस्था बघून मामांनी तोंड फिरवलं.

"ही आणलीत," मामा म्हणाले. "घरची. आजपासून ही न्यायची."

मास्तरांनी पेटीतली करवत उचलली, अंगठा दातांवरून फिरवला आणि परत ठेवली.

"नको."

"चांगली आहे. सहा बघून घेतली होती."

"दिसायला आहे चांगली."

मामा उभेच होते. माझ्या मानेला कळ लागली होती, पण तो प्रसंग पेटी खाली ठेवण्याचा नव्हता.

"मास्तर," मामा म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांची मापं पकडली. माझ्या मापात खोट होती. ती मी पकडली नाही."

मास्तरांनी कानस पायरीवर आपटून भुगा झाडला. घाई केली नाही.

"पिवळी द्या," ते म्हणाले. "सगळी. आता ती माझ्या हाताची झालीयेत. इकडेच राहतील."

"सगळी?"

"चालेल म्हणून लिहिलंय ना? मला चालेल."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, जणू अक्षर बदलता आलं तर बघ. मग म्हणाले, "बरं."

एकोणीस पिवळ्या मुठी त्याच रात्री पलीकडे गेल्या. मास्तरांनी त्या जिन्याखालच्या एका जुन्या बादलीत उभ्या ठेवल्या, पटाशी कुदळीशेजारी, पाना कात्रीत अडकलेला. ती बादली बघून आल्यावर मामा जेवले नाहीत. खुर्ची मात्र दुसऱ्या दिवशी सहाला भरली. बोलणं झालं ते फक्त हवेवर.

फळीवरची उजवी बाजू आता नुसते खिळे. मजकूर मी पुसायला निघालो तर मामा म्हणाले, राहू दे.

पंधरा दिवसांनी अंजिराने दुसरी फांदी पत्र्यावर टाकली. मामांनी निळ्या करवतीकडे बघितलंही नाही. चपला घातल्या आणि शेजारी गेले. मास्तर आतून येईपर्यंत ते दाराबाहेर उभे राहिले, उंबऱ्याच्या अलीकडे.

"करवत हवी होती," मामा म्हणाले.

मास्तरांनी चष्मा वर केला. "काम काय?"

"फांदी."

"किती जाड?"

"मनगटाएवढी."

"कुणाच्या मनगटाएवढी?"

मामांनी खिशातून दोरा काढला. फांदीला गुंडाळून, गाठ मारून, ते माप घेऊनच आले होते. मास्तरांनी दोरा उजेडात धरला, आपल्या मनगटाला लावून बघितला आणि बादलीकडे वळले.

"उद्या सकाळी परत हवी," आतून आवाज आला. "आणि जशी नेली तशी नको. चीक पुसून, दात घासून."