खमीसने पाहिलेला धूर

समुद्रकाठच्या झर्झीस गावचा पाणबुड्या खमीस जन्मभर समुद्रातून स्पंज काढत आला. स्पंज म्हणजे समुद्रातलं झुडूप, हे त्याचं ठाम मत. शाळेत जीवशास्त्र शिकवणारी लेक झुहूर म्हणायची, "बाबा, तो प्राणी आहे."

"ना डोकं, ना तोंड, ना डावं-उजवं. कसला गं प्राणी?"

एका सकाळी पाण्याखाली त्याला एक स्पंज पांढरा धूर सोडताना दिसला. त्याला हात न लावता तो वर आला आणि तडक लेकीकडे गेला.

"ते नराचं बीज," झुहूर म्हणाली. "वाहत मादीकडे जातं. मग तिची पिल्लं पोहत बाहेर पडतात."

खमीस पोट धरून हसला. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात त्यानेच सगळ्यांना ऐटीत सांगितलं, "लेकीपुढे हरलो बाबांनो. स्पंजाला लेकरं होतात."