ताट धरणारी

विमानाचं इंजिन तापलं होतं, शिकाऊ गायत्रीनं कानांवर हेडफोन चढवले होते आणि शिवलीलाची नजर सवयीनं धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला गेली. तिथं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीच्या खांबाखाली, रोज सकाळी अयोध्यामावशी उभी असायची. डोक्यावर पदर, पदरावर कंपनीनं दिलेली टोपी, हातात नारिंगी झेंडा. पट्टीवर कुत्रं बसलेलं नाही, काळवीट आलेलं नाही, कुणाच्या शेळ्या कुंपणाखालून शिरलेल्या नाहीत, हे पायी फिरून बघायचं आणि मग झेंडा डोक्यावरून फिरवायचा, हे तिचं काम. तो फिरल्याशिवाय विमान शिकवणाऱ्या या शाळेत कुणी चाक हलवत नसे. नियमांच्या पुस्तकात त्याला लांबलचक नाव होतं. सगळे म्हणत, 'अयोध्येचा हुकूम'.

आजही झेंडा फिरला. पण फिरवणारा पँट घातलेला, इतक्या लांबून ओळखू न येणारा कुणी माणूस होता.

"मावशी कुठं आहेत?" तिनं रेडिओवर विचारलं.

"कमी केलं तिला," मॅनेजर देवणीकरांचा आवाज आला. "पट्टी मोकळी आहे. निघा."

लाईट गेली, येईल थोड्या वेळानं, अशा सुरात ते बोलले. शिवलीलाला आधी वाटलं, मावशी आजारी असेल. मग 'कमी केलं' या दोन शब्दांचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला, आणि तिचा हात आपोआप पुढं होऊन इंजिन बंद झालं. पंखा गरगरत राहिला, मंदावला, त्याची पाती सुटी दिसू लागली.

"मॅडम, काय झालं?" गायत्रीनं विचारलं.

शिवलीला पट्टा सोडू लागली. कालच तर सगळे शिक्षक जिंकले होते.

शिवलीला मुरुमची. तिच्या वडिलांची, अण्णारावांची, तिथं तुरीची आडत आहे. घरात कानडी, दुकानात मराठी, असं तिचं बालपण. ती विमान शिकली तेव्हा गावात बातमी झाली. ती विमान शिकवायला लागली तेव्हा मात्र कुणाला नीटसं कळलं नाही. "म्हणजे चालवत न्हाईस? नुसतं शेजारी बसतीस?" असं आत्यानं विचारलं होतं. शिवलीलाला ते आवडलं होतं. शेजारी बसणं हेच तिचं काम होतं. दुसऱ्याचे हात थरथरत असताना आपले हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि नेमक्या क्षणी ते उचलायचे. धाराशिवच्या बाहेरच्या माळावरून विमान उठलं, की खाली ज्वारीचे चौकोन, एखादं तळं, लांबवर साखर कारखान्याचा धूर. पोरांच्या चेहऱ्यावर भीती मावळून हसू येतं, ते बघायला तिला रोज मिळे.

पण शिक्षकांना पैसे मिळत ते विमान हवेत असेल तेवढ्याच वेळाचे. जमिनीवर फळ्यापुढं उभं राहून शिकवलं, ते फुकट. पावसाचे आणि धुळीचे दिवस कोरडे. त्यात गुरुलिंगचं प्रकरण झालं. गुरुलिंग त्यांच्यातला सगळ्यांत नवा शिक्षक. एका दुपारी धुळीनं क्षितिज दिसेनासं झालं म्हणून तो 'आज नाही' म्हणाला. पुढच्या आठवड्यात फळ्यावरच्या वेळापत्रकातून त्याचं नाव गेलं. कुणी काही बोललं नाही, नुसतं नाव पुसलं.

तेव्हा राजशेखर सरांनी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. सर शिक्षकांमध्ये वयानं मोठे, शिवलीलालाही त्यांनीच शिकवलेलं.

"युनियन करू."

"पायलटची युनियन?" कुणीतरी हसलं. "आपण काय हमाल आहोत का सर?"

शिवलीलानं त्या संध्याकाळी वडिलांना फोन लावला. ते हमालांना चाळीस वर्षं ओळखून होते.

"करा की," अण्णाराव म्हणाले. "पण आमच्या बाजारात झाली तेव्हाची गोष्ट ऐकून ठेव. हमालांनी दर वाढवून घेतले. वाजवीच होते. म्या काय केलं? पोतं शिवायला ज्या बाया येत होत्या, त्या बंद केल्या आणि शिवायचं मशीन आणलं. हमालांची पाठ सरळ झाली, बायांची चूल इझली. त्या बाया काय युनियनमध्ये नव्हत्या."

"मग करू नको म्हणता का, अप्पा?"

"तसं कुठं म्हणलो? मालक कुठून कापतो, ते बघत ऱ्हावा, एवढंच म्हणतो."

ते तिनं ऐकलं, आणि वडील आता म्हातारे झाले, बाजारापलीकडं त्यांना दिसत नाही, असं मनात म्हणून सोडून दिलं.

संघटनेची नोंदणी व्हायला वेळ लागणार होता. वकील सोलापूरचा, कागद मुंबईकडं. तोवर एकमेकांना धरून राहायचं कसं? ज्याला त्याला वाटे, दुसरा फुटेल. शेवटी सर म्हणाले, "आपला अणदूरचा खंडोबा दोन गावं वाटून घेतात, पण त्यालासुद्धा दोघांच्या कराराशिवाय हलवत नाहीत. आपण तर माणसं. बेलभंडारा उचलून शपथ घेऊ."

शिकलेली माणसं, आकाशात नकाशा वाचणारी. पण एकानंही नाक मुरडलं नाही. भंडारा आणला अयोध्यामावशीनं. तिचा नवरा सिदू खंडोबाचा भक्त, दर रविवारी अणदूरला जाणारा. हँगरच्या मागं, लिंबाच्या सावलीत, तिनं पितळी ताट दोन्ही हातांनी धरलं. त्यात हळदीचा ढीग, वर बेलाचं पान. एकेक जण पुढं आला, पान उचललं, आणि सरांच्या मागून म्हणाला, "आपल्यातलं एक जरी माणूस कमी केलं, तर कुणी विमानाला हात लावायचा नाही."

शेवटच्यानं पान ठेवल्यावर मावशीनं ताट कपाळाला लावलं आणि सगळ्यांना खोबऱ्याचे तुकडे वाटले. "आता झालं," ती म्हणाली. "आता मोडता यायचं न्हाय."

त्यानंतर ते फाटकाबाहेर संपावर बसले. विमानं हँगरमध्ये, विद्यार्थी वसतिगृहात, आणि माळावर इतकी शांतता की टिटव्या पट्टीच्या मधोमध हिंडू लागल्या. राजशेखर सर तेव्हा पहाडासारखे होते. आठवडाभरात मालकांचा माणूस आला, चर्चा झाली, आणि तो कबूल झाला. दरमहा ठरलेला पगार. गुरुलिंग कामावर परत. आणि शिवलीलानं हट्टानं घालायला लावलेलं कलम: शिक्षक 'आज नाही' म्हणाला, की त्याला त्या दिवशी कारण विचारायचं नाही. त्या रात्री त्यांनी एकमेकांच्या कपाळाला भंडारा फासला होता. गुरुलिंग रडला होता.

आणि आज ही सकाळ.

शिवलीला विमानातून उतरून सरळ ऑफिसात गेली. देवणीकर चहा पीत होते. वाईट माणूस नव्हता तो. नातवाचा फोटो टेबलाच्या काचेखाली ठेवणारा.

"मावशींना का काढलं?"

"आठवडाभर आली नाही. कंत्राटदाराची बाई, तिला संपावर जायला सांगितलं कुणी? तुम्ही तर सांगितलं नव्हतं ना?"

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा पगार कुठून तरी निघायचाच होता. हा जो आता झेंडा घेऊन उभा आहे ना, तो कंपनीचा ड्रायव्हरच आहे. दोन्ही कामं करेल."

पोती शिवणाऱ्या त्या बाया शिवलीलाच्या डोळ्यांपुढं आल्या. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तिनं शेंगा खाल्ल्या होत्या. त्या केव्हा यायच्या बंद झाल्या, हे तिला कधी आठवलंसुद्धा नव्हतं.

ती राजशेखर सरांकडं गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाईट झालं. पण ती आपल्या युनियनमध्ये नाही, शिवलीला. कायद्यानं येऊच शकत नाही, तिचा मालकच वेगळा. आता कुठं जिंकलोय. लगेच पुन्हा बसलो तर मालक विमानं उचलून दुसऱ्या राज्यात नेईल. मग सगळेच घरी."

"सर, शपथ तुम्हीच सांगितली होती."

"'आपल्यातलं' म्हणालो होतो मी."

हाच माणूस तिला पहिल्यांदा आकाशात घेऊन गेला होता.

संध्याकाळी ती मावशीच्या गावी गेली. पट्टीच्या कुंपणापलीकडंच ते गाव. मावशी दारात सुपात हरभरा निवडत होती, सिदू बाजेवर बसला होता.

"या की बाई! टेका," मावशी म्हणाली. जणू काही घडलंच नव्हतं.

"मावशी, तुम्ही कामावर का गेला नाहीत त्या दिवसांत? आम्ही तुम्हाला कधी म्हटलं होतं का?"

मावशीनं सूप खाली ठेवलं. प्रश्नच तिला समजला नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ताट म्या धरलं व्हतं की," ती म्हणाली. "भंडाऱ्याचं ताट ज्यानं धरलं, त्यो शपथेच्या आत आला. हे काय इचारायचं असतंय व्हय?"

"म्या म्हणलो हिला," सिदू म्हणाला, "अगं, ती पायलट माणसं. त्यांची शपथ वर ढगात लागू, तुला खाली कशाला? तर मलाच शिव्या घातल्या. म्हणली, तुमी देवाचं नुस्तं खोबरं खाता."

"खरं तेच म्हणले."

"आता बस घरी, हरभरा निवडत."

"निवडते की. तुमी काय दळून आणणार हाव का?"

शिवलीलाला हसूही येईना. आठवडाभर ते फाटकाबाहेर बसले होते. मावशी रोज किटलीतून चहा आणायची, त्यांच्याबरोबर सावलीत बसायची, ऊन फिरलं की तीही सरकून बसायची. सगळ्यांनी हात पुढं करून चहा घेतला होता. ही आत कामावर का जात नाही, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं, मावशी चहा द्यायला येते. मावशी संपावर बसली होती.

"तुम्हाला काढलं, हे तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?"

"कळवायचं कशाला?" मावशी म्हणाली. "झेंडा फिरवायला म्या नसले, की तुमाला दिसंलच की."

परतताना डोळे पुसायला शिवलीलाला स्कूटर दोनदा थांबवावी लागली.

दुसऱ्या सकाळी विमानं हातानं ढकलून रांगेत लावली होती. हँगरपासून पट्टीपर्यंतचा रस्ता अरुंद, एकामागं एकच विमान जाणार. सगळ्यांत पुढं राजशेखर सर, त्यांच्या मागं शिवलीला, मागं बाकीचे. सरांचा पंखा फिरत होता. टोकाला ड्रायव्हरनं झेंडा हलवला.

"मॅडम, झेंडा फिरला," गायत्री म्हणाली.

शिवलीलानं चावी फिरवली नव्हती. तिनं चावी काढून मांडीवर ठेवली. हात थरथरत होते, आणि शेजारी सावरायला कुणी शिक्षक नव्हता. तिनं रेडिओचं बटण दाबलं.

"शिवलीला. आज नाही."

रेडिओ खरखरला. "काय झालं? विमानात बिघाड आहे का?" देवणीकर.

"आज नाही."

"अहो, पण का...?" आणि ते मध्येच थांबले. का, हे विचारायचं नाही, यावर परवाच सही झाली होती, आणि ती सही त्यांचीच होती.

नोकरी जाईल, हे तिला माहीत होतं. आज ना उद्या, दुसऱ्या कुठल्या तरी कारणानं. मुरुमला जाऊन वडिलांना काय सांगायचं, याचे शब्दसुद्धा तिनं रात्री जुळवले होते. तिनं फक्त पुढं बघितलं. सरांचं विमान आता निघेल, पट्टीवर वळेल, उठेल, आणि मग खालचा हा माळ तिच्यासाठी कायमचा परका होईल.

सरांचं विमान निघालं नाही.

पंखा फिरत होता. मागं कुणीतरी अधीर होऊन इंजिन घुमवलं. सर तरी तिथंच. मग त्यांच्या पंख्याचा आवाज बदलला, खाली आला, आणि पाती एक-एक करून दिसू लागली. त्यांच्या पुढं रस्ता मोकळा होता आणि मागं सगळी शाळा अडकली होती.

"सर," रेडिओवर गुरुलिंगचा घाबरा आवाज, "बंद पडलं का?"

पुढच्या विमानातून बटण दाबल्याचा आवाज आला.

"न्हाय," राजशेखर सर म्हणाले. वर्गात, विमानात, चर्चेत, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडी हा गावाकडचा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. "बंद केलं. देवणीकर, ज्यांनी ताट धरलं होतं, त्यांनी झेंडा फिरवला की निघतो."

मग मागची इंजिनंही थांबली. आधी एक, मग एक, आणि मग बाकीची. माळावर पुन्हा तीच शांतता पसरली. एक टिटवी पट्टीवर उतरली, चार पावलं चालली, ओरडली. ड्रायव्हर तिच्याकडं बघत उभा राहिला. तिला हाकलायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम," गायत्री हळूच म्हणाली, "जीप निघाली."

शिवलीलानं मान वळवली. देवणीकरांची जीप ऑफिसपुढून सुटली होती. फाटकाशी ती क्षणभर थांबली. डावीकडं डांबरी सडक शहराकडं, मालकांच्या माणसाकडं जात होती. उजवीकडं कुंपणाच्या कडेनं मातीची वाट गावाकडं.

धूळ उजवीकडं उठली.